जीर्ण वेदनेत स्नेहन-स्वेदन : रुग्णास आधी काय सांगावे?



कटिशूल, गृध्रसी, मन्यास्तंभ, संधिगतवात या व्याधींचे रुग्ण आपणां सर्वांच्या चिकित्सालयात नित्य येतात. बहुतेकांनी वर्ष-दोन वर्षे वेदनाशामक गोळ्या घेतलेल्या असतात. अभ्यंग, पोट्टलीस्वेद, कटीबस्ती हे उपक्रम सुचविले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती दिवसांत बरं वाटेल?" आणि आपले उत्तरही बहुधा ठरलेलेच असते, "सात दिवस घेऊन पाहू." हे उत्तर अपुरे आहे, असे माझ्या अनुभवावरून मला वाटू लागले आहे. त्याविषयी येथे थोडे विवेचन करावयाचे आहे.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो. सुमारे बारा वर्षांपूर्वी छत्तीस वर्षांचा एक यंत्रमाग कामगार चार महिन्यांच्या कटिशूलाची तक्रार घेऊन आला. पूर्वी काढलेल्या क्ष-किरण चित्रात दोष आढळला नव्हता. उभे राहून काम, अवेळी भोजन, रात्रीची पाळी असा वातप्रकोपाचा सर्व इतिहास होता. मी एकवीस दिवसांचा अभ्यंग, पत्रपोट्टलीस्वेद व कटीबस्ती असा क्रम ठरविला. शुल्क एकत्रित आगाऊ घेतले. पहिल्या आठवड्यात त्यास आराम वाटला. केसपेपरवर मी रोज एकच ओळ लिहीत होतो, "रुग्णास बरे वाटते." तिसऱ्या आठवड्यात त्याची पत्नी सोबत आली व सहज म्हणाली, "रात्री झोपतच नाहीत हो, आणि सदरे किती ढगळ व्हायला लागलेत!" मी दचकलो. विचारल्यावर सायंकाळी अंग कोमट होत असल्याचे कळले. पाठीच्या मणक्यावर बोटाने हलकेच ठोकताच तो कळवळला. ई.एस.आर. वाढलेला होता आणि एम.आर.आय.मध्ये कमरेच्या वरच्या दोन मणक्यांत व त्यांमधील चकतीत विकृती, शेजारी पूयसंचय असे चित्र होते. पुढील तपासणीत मणक्याच्या क्षयाचे निदान निश्चित झाले. योग्य उपचारांनी तो बरा झाला व पायांतील शक्तीही गेली नाही. परंतु त्या पाठीवर तीन आठवडे रोज दाब दिला जात होता, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

यात दोष तेलाचा नव्हता. काय अपेक्षित आहे हे मी रुग्णास सांगितले नव्हते. अपेक्षित तसे घडत नाही, हे मग त्यालाही कळले नाही व मलाही नाही. शिवाय पैसे भरलेले असल्याने एकवीस दिवस पुरे करणे हेच दोघांचे उद्दिष्ट होऊन बसले.

उपचारापूर्वी

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेली वेदना ती जीर्ण, असे आज सर्वत्र मानले जाते. अशा वेदनेत हस्तोपक्रम सुरू करण्यापूर्वी पुढील बाबी विचारून केसपेपरवर लिहाव्यात : रात्री झोपेतून उठविणारी व कूस बदलूनही न शमणारी वेदना, ज्वर, वजनातील घट, पूर्वीचा कर्करोग, पडणे अथवा आघात, दीर्घकाळ स्टिरॉइडचे सेवन, मलमूत्राच्या वेगांवरील ताबा जाणे, बैठकीच्या भागी बधिरता, पायातील शक्ती वेगाने कमी होणे. यांपैकी काहीही आढळल्यास आधी तपासणी, मग चिकित्सा. मलमूत्राचा ताबा व बैठकीची बधिरता असल्यास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. एकाच पोटरीस सूज, उष्णता व वेदना असल्यास तेथे मर्दन करू नये, कारण शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यास जोराचे मर्दन वर्ज्य समजावे. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या रुग्णास स्वेदाचा दाह कळत नाही. अशा वेळी पोट्टलीची उष्णता परिचारकाने स्वतःच्या मनगटावर पाहावी.

आपल्या संहितांनीही येथे मर्यादा घातलेली आहे. वाग्भटाचार्यांनी दिनचर्येत कफग्रस्त, नुकतेच शोधन झालेला व अजीर्णी यांस अभ्यंग निषिद्ध सांगितला आहे. सुश्रुताचार्य सामदोष व तरुणज्वर यांचाही निषेध करतात. सांध्यांना सूज, जडपणा, अरुची व सकाळी तासाहून अधिक टिकणारा आखडलेपणा असलेल्या रुग्णास 'वात आहे' म्हणून तेल चोळले की वेदना वाढते, हा अनुभव आपणांपैकी अनेकांनी घेतला असेल. तेथे वालुकापोट्टलीसारखा रूक्ष स्वेद व पाचन हाच आरंभ होय.

रुग्णास काय सांगावे?

पहिल्या एक-दोन सिटिंगनंतर अंग हलके वाटते, गाढ झोप लागते, तर काहींस अंग ठणकते. हा ठणका एक-दोन दिवसांत शमावा. तो वाढत गेल्यास अथवा पायात नव्याने मुंग्या वा बधिरता आल्यास पुढील सिटिंगची वाट न पाहता कळवावे, हे आरंभीच बजावून सांगावे. कटिशूलातील मर्दनाविषयी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत २५ चाचण्यांचा विचार केला गेला. वेदना वाढणे हा त्यात सर्वाधिक नोंदला गेलेला उपद्रव असून निरनिराळ्या चाचण्यांत त्याचे प्रमाण १.५ ते २५ टक्के होते. म्हणजे हा उपद्रव दुर्मिळ नाही. "त्रास होतोय म्हणजे दोष बाहेर पडताहेत" असे सांगून रुग्णास गप्प बसविणे योग्य नव्हे.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत मिळणारा आराम काही तासांचाच असतो. तो बरे झाल्याचे लक्षण मानू नये. म्हणून "कसे वाटते?" या प्रश्नाऐवजी पहिल्याच दिवशी तीन गोष्टी मोजून ठेवाव्यात : वेदना दहापैकी किती, रात्री सलग झोप किती तास, आणि रुग्णाच्या नित्यकर्मातील एक कृती. मांडी घालून किती मिनिटे बसता येते, किती अंतर न थांबता चालता येते, जिने किती चढता येतात, यांपैकी रुग्णास महत्त्वाची वाटेल ती निवडावी. सातव्या दिवशी तेच तीन आकडे पुन्हा घ्यावेत. तिन्ही जागचे हलले नसतील तर क्रम पुढे रेटू नये. निदान पुन्हा तपासावे. माझ्या त्या रुग्णाची झोप मी मोजली असती, तर निदान दोन आठवडे वाचले असते.

शुल्काविषयीही एक सूचना करावीशी वाटते. एकवीस दिवसांचे आगाऊ पॅकेज घेण्याऐवजी सात दिवसांचेच घ्यावे. त्यामुळे मध्येच थांबण्याचा निर्णय वैद्य व रुग्ण दोघांसही मोकळेपणाने घेता येतो.

जोर किती?

आपल्या भागात तालमीतील मालिशची परंपरा मोठी. त्यामुळे "जरा जोरात दाबा" ही मागणी नित्याची. परंतु जोर व गुण यांचे समीकरण नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत जीर्ण कटिशूलाच्या ४०१ रुग्णांत दोन प्रकारच्या मर्दनांची तुलना झाली. एक स्नायूंतील विकृती शोधून ती सोडविणारे, दुसरे केवळ शिथिलता आणणारे सौम्य मर्दन. आठवड्यातून एक याप्रमाणे दहा आठवडे उपचार झाले. नित्य उपचारांपेक्षा दोन्हींचा लाभ अधिक होता, मात्र त्या दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात स्पर्शनेंद्रियात वायूचे आधिक्य सांगून त्वचेसाठी अभ्यंग हितकर म्हटला आहे. तेथील दृष्टान्त घडा, चामडे व गाडीचा आस यांचे आहेत. तिन्हींत तेल मुरू देण्याचा विचार आहे, बळाचा नाही. डल्हणाचार्यांनी स्नेह रोमकूपांत पोहोचण्यास ३०० मात्रा व क्रमाने मज्जेपर्यंत ९०० मात्रा असा काळ दिला आहे. नऊशे मात्रा म्हणजे ढोबळमानाने पाच मिनिटे. एकेका स्थितीत तेवढा वेळ संथ हात फिरला पाहिजे, हे परिचारकास शिकवावे. उपस्थाता हा चिकित्सेच्या चार पादांपैकी एक आहे. त्याचा हात वैद्याने स्वतः पाहिलेला असावा. रुग्णाची संमती, योग्य आच्छादन, स्त्रीरुग्णासाठी स्त्रीपरिचारिका व "थांबा" म्हणताच हात थांबणे, हे नियम अपवादाविना पाळावेत.

लाभ किती टिकतो?

येथे प्रामाणिकपणे बोलणे अगत्याचे आहे. वर उल्लेखिलेल्या चाचणीत कार्यक्षमतेतील लाभ सहा महिने टिकला, वर्षाअखेर तो क्षीण झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जीर्ण कटिशूलासाठी दिलेल्या मार्गदर्शनात मर्दनाचा समावेश आहे, परंतु तो रुग्णशिक्षण व व्यायाम यांच्या सोबतीने. म्हणून स्नेहन-स्वेदनाने वेदना उतरते त्या काळाचा उपयोग करून रुग्णास चालते करावे. सातव्या दिवसापासून अर्धशक्ती व्यायाम, रोज थोडे वाढते चालणे, कामाच्या ठिकाणची बैठक सुधारणे आणि घरी स्वतः करावयाचा अभ्यंग शिकवावा. "मालिश घेत राहा, बाकी काही करू नका" असे सांगितल्यास रुग्ण आपल्यावर अवलंबून राहतो व वेदना परत येते.

औषधालयचालकांसाठी

गुडघा वा कंबर दुखते म्हणून तेल मागणारा ग्राहक पुष्कळदा कोणत्याही वैद्याकडे गेलेला नसतो. त्यास तीन प्रश्न विचारावेत : रात्री झोपमोड होते का, ताप येतो किंवा वजन घटले आहे का, पाय बधिर वा अशक्त झाला आहे का? एकाही प्रश्नाचे उत्तर 'होय' आल्यास तेलाच्या बाटलीसोबत वैद्याकडे जाण्याचा सल्लाही द्यावा. विषगर्भ तेलासारख्या वत्सनाभ, धत्तूर असलेल्या कल्पाविषयी जखमेवर वा फाटलेल्या त्वचेवर लावू नये, मुलांच्या हाती लागू देऊ नये, लावल्यावर हात धुवावेत, हे प्रत्येक वेळी तोंडी सांगावे. लेबल वाचणारे थोडेच असतात.

क्षयाचे निदान झाल्यास त्या रुग्णाची नोंद शासनाकडे करणे २०१२ पासून बंधनकारक आहे व त्यावरील औषधे शासकीय केंद्रात विनामूल्य मिळतात, याचेही स्मरण असू द्यावे.

तो यंत्रमाग कामगार आजही वर्षातून एकदा भेटून जातो. अलीकडे त्याने आपल्या आईला गुडघ्यांसाठी आणले होते. पहिल्या दिवशी मी तिचे तीन आकडे लिहून घेतले : वेदना सात, झोप चार तास, घरापासून देवळापर्यंत जाताना दोनदा बसावे लागते. सातव्या दिवशी वेदना पाच व झोप सहा तास होती. देवळापर्यंत मात्र अजून एकदा बसावेच लागत होते. त्या वाटेसाठी तिला व्यायाम शिकवून मी सिटिंग थांबविली. आपल्या अनुभवातील असेच आकडे, विशेषतः उपशय न मिळालेल्या रुग्णांचे, आपण या अंकांतून एकमेकांस कळवावेत, अशी नम्र विनंती आहे.