अळिंबीच्या खोलीतला खोकला

हसनाबाद परिसरात सोयाबीनचे भुसकट, गव्हाचे काड बहुधा घरचेच असते. त्यावर एका खोलीत धिंगरी अळिंबी, म्हणजे मशरूम, घेता येते. घरातल्या बायकांना जमणारा हा जोडधंदा. पण एक गोष्ट आधी माहीत हवी.

धिंगरीची छत्री पूर्ण उमलली की तिच्याखालून पिठासारखे बारीक बीजकण झडतात. बंद खोलीत ते श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात. काहींच्या शरीराला ते सोसत नाहीत आणि फुप्फुसाला सूज येते. सकाळी तोडणी केली, की चार ते आठ तासांनी थंडी-ताप, कोरडा खोकला, धाप. काम थांबवले की एक-दोन दिवसांत बरे वाटते. पुन्हा खोलीत गेले की पुन्हा तेच. बटन अळिंबीच्या खताच्या धुळीनेही असेच होते. अमेरिकेतील कामगारांमध्ये त्याची नोंद १९५९ मध्ये झाली.

हा आजार न्यूमोनिया किंवा टीबीसारखा भासतो. म्हणून डॉक्टरांना स्वतःहून सांगा : ‘मी अळिंबीच्या खोलीत काम करते.’ वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर फुप्फुस कायमचे कडक होते.

छत्रीच्या कडा आत वळलेल्या असतानाच तोडणी करा. आधी दारे-खिडक्या उघडून हवा खेळू द्या. तोंडावर ओढणी पुरत नाही. नाक-तोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा. त्या खोलीत मुलांची किंवा दादा-दादींची अंथरुणे घालू नका.

अळिंबी शिजवून खाल्ल्याने हा आजार होत नाही. सांभाळायचा आहे तो श्वास.