संकटातला शेजारी आणि शेतमालाचा भाव

शेजारी कसा आहे हे सुगीच्या दिवसांत कळत नाही. घरावर प्रसंग आला म्हणजे कळते. देशांचेही तसेच असते. युरोपातील पोलंड आणि युक्रेन या दोन शेजाऱ्यांची हकिकत आपण मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे, कारण तिच्यात राजकारणाबरोबर धान्यही आले आहे.

युक्रेन हा काळ्या, कसदार मातीचा देश. गहू, मका, सूर्यफूल ही त्याची मोठी पिके. युद्धापूर्वी भारतात बाहेरून येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा मोठा वाटा तिथूनच येत असे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने या देशावर चढाई केली. पश्चिमेला त्याचा शेजारी पोलंड. दोघांची सरहद्द ५०० किलोमीटरहून लांब.

या दोघांत पूर्वीपासून गोडीगुलाबी होती असे समजू नका. १९४३ साली व्होल्हिनिया भागात युक्रेनी राष्ट्रवाद्यांनी हजारो पोलिश खेडुतांची कत्तल केली होती. ती जखम पोलंड विसरला नव्हता. पण परकी फौज घरात शिरली म्हणजे काय होते, हेही त्याला ठाऊक होते. १९३९ साली जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी त्याचा मुलूख वाटून घेतला. तेव्हा घरदार सुटलेल्या पोलिश लोकांपैकी सुमारे पाच हजार जण पुढे आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत १९४३ ते १९४८ पर्यंत आसऱ्याला होते.

दाराशी जाऊन दिलेला धीर

पोलंडने युक्रेनमधून आलेल्या लाखो बायका-मुलांना घरांत जागा दिली. अडकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांनाही व्हिसाशिवाय सरहद्द ओलांडू दिली. १५ मार्च २०२२ रोजी राजधानी कीव्हवर तोफा धडाडत असताना पोलंड, चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हेनिया यांचे पंतप्रधान रेल्वेने तिथे पोहोचले. विमाने बंद होती. त्या भेटीने जगाला कळले की युक्रेनचे सरकार जागेवर आहे आणि त्याला शेजारी मानतात. २२ मे रोजी पोलंडचे अध्यक्ष आंद्रेय दुदा यांनी युक्रेनच्या संसदेत जाऊन भाषण केले. युद्ध सुरू झाल्यावर तिथे समक्ष बोलणारे ते पहिले परदेशी राष्ट्रप्रमुख. युरोपीय संघाने युक्रेनला उमेदवार देश मानावे म्हणून पोलंडने जोर लावला, आणि २३ जून २०२२ रोजी तो दर्जा मिळाला.

धान्य आले, भाव पडला

आता दुसरी बाजू पाहा. काळ्या समुद्रातील बंदरे युद्धाने अडली, तेव्हा युक्रेनचे धान्य पोलंडमार्गे जाऊ लागले. युरोपीय संघाने जकातही माफ केली. हेतू चांगला होता. पण वाट अवघड. युक्रेनच्या रेल्वेचे रूळ १५२० मिलिमीटर रुंदीचे, पोलंडचे १४३५. म्हणजे सरहद्दीवर माल एका वाघिणीतून दुसरीत भरणे आले. पुढे दूरच्या बंदरांकडे जायचे धान्य बरेचसे पोलंडच्याच बाजारात उतरले. त्याच सुमारास जगातले भावही खाली येत होते. भाव कोसळला म्हणजे काय होते, हे कांदा पिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

पोलिश शेतकरी रस्त्यावर आले. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या शेतीमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि १५ एप्रिलला सरकारने युक्रेनी धान्याची आयात बंद केली. काही दिवसांतच, माल देशातून पुढे नेण्यास मात्र मोकळीक दिली. सप्टेंबरात युक्रेनने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रॅक्टर लावून सरहद्दीचे रस्ते अडवले गेले आणि वाघिणींतले धान्य रुळांवर सांडले गेले. सुरुंग पेरलेल्या शिवारातून पीक काढणाऱ्या युक्रेनी शेतकऱ्याला ते पाहून काय वाटले असेल!

यात चूक कोणाची? पोलिश शेतकऱ्याने शेजाऱ्याचे वाईट चिंतले नव्हते, आणि युक्रेनच्या शेतकऱ्यालाही माल विकल्याशिवाय गत्यंतर नव्हते. मदतीचा शब्द साऱ्या देशाने दिला; झळ मात्र सरहद्दीकडच्या शेतकऱ्याला आधी लागली. धान्य आत घेण्यापूर्वी वाहतूक, कोठारे आणि नुकसानभरपाई यांची पुरी तजवीज व्हायला हवी होती. ती मागाहून झाली, आणि तोवर मने कडू झाली.

तरीही शेजारधर्म तुटला नाही, ही मोठी गोष्ट. ८ जुलै २०२४ रोजी वॉर्सा येथे दोन्ही देशांनी संरक्षण-सहकार्याचा करार केला. भाऊबंदांत बांधावरून बोलाचाली होते, पण घराला आग लागली तर घागर घेऊन धावावेच लागते. मात्र घागर कोणाच्या विहिरीतून भरायची, हे कारभाऱ्यांनी आधी ठरवून ठेवावे. नाहीतर चांगल्या कामाचा भार एकट्या शेतकऱ्याच्या खांद्यावर येतो.