जुन्या संगणकाचा प्रोसेसर बदलण्यापूर्वीं

हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजीं अस्तित्वांत आला, आणि त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील इंटेल कंपनीनें पेंटियम-३ हा प्रोसेसर बाजारांत आणला. या दोन घटनांचा परस्परांशीं कांहींएक संबंध नाहीं. परंतु त्या सुमारास हिंगोली, वसमत किंवा कळमनुरी येथील ज्या घरांत संगणक आला, तो आज जिल्ह्याएवढ्याच वयाचा झाला आहे. अशीं यंत्रें अद्यापि कोठें कोठें माळ्यावर सांपडतात. त्यांतील पेंटियम-२ काढून त्याच जागीं पेंटियम-३ बसवावा, म्हणजे यंत्राला उभारी येईल, अशी इच्छा कित्येकांना होते. ती पुरी होण्यासारखी आहे. मात्र बसविण्याचें काम पांच मिनिटांचें आणि तयारी दोन दिवसांची, असें याचें प्रमाण असल्यामुळें आज तयारीविषयींच बोलावयाचें आहे.

श्रोतेहो, सर्वांत आधीं यंत्रांत काय सांठविलें आहे तें पाहावें. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं मराठी अक्षरें रोमन अक्षरांच्या घरांत बसवीत असत. पडद्यावर ‘क’ दिसे, पण आंत नोंद भलत्याच अक्षराची होई. त्या काळीं टंकलेला मजकूर नव्या संगणकावर नेला आणि त्याचा मूळ फाँट सोबत नेला नाहीं, तर अर्थहीन चिन्हांची रांग तेवढी दिसते. कोणा शिक्षकानें नामदेवांच्या अभंगांची सूची केली असेल, कोणीं घराण्याची वंशावळ उतरून काढली असेल. त्यांची दुसरी प्रत बहुधा कोठेंच नसते. म्हणून हार्डडिस्क बाहेर काढून, आयडीई-यूएसबी जोडणीनें ती दुसऱ्या संगणकास लावून, मजकूर आणि फाँट दोन्ही उतरवून घ्यावेत. कांहीं मराठी सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या खांचेंत बसणारें एक लहानसें कुलूप लागे. तें अडगळ समजून टाकूं नये.

आतां प्रोसेसरकडे वळूं. त्या वेळीं इंटेलच्या ४४०-बीएक्स या चिपसंचाचे मदरबोर्ड पुष्कळ खपले. उदाहरण त्यांचेंच घेतों. त्यांवर प्रोसेसर एका लांबट पेटींत बसविलेला असून ती पेटी स्लॉट-१ नांवाच्या खांचेंत उभी राहते. पेटीवर चार आंकडे छापलेले असतात, आणि ते वाचतां आले कीं अर्धें काम झालें. समजा, जुन्यावर ३५०/५१२/१००/२.० असें आहे आणि आणावयाच्या नव्यावर ७००/२५६/१००/१.६५ असें आहे. पहिला आंकडा वेगाचा, मेगाहर्ट्‌झमध्यें. दुसरा जवळच्या स्मृतीचा, किलोबाइटमध्यें. तो नव्यांत कमी दिसतो म्हणून कोणीं हिरमुसूं नये, कारण ही स्मृति प्रोसेसरच्याच पूर्ण वेगानें चालते आणि जुनी निम्म्या वेगानें चालत असे. तिसरा आंकडा मदरबोर्डाच्या तालाचा. १०० च्या तालाची सातपट ७००, अशी ही पट प्रोसेसरमध्यें कायमची ठरविलेली असते. स्वस्त मिळतो म्हणून १३३ तालाचा ७३३ वाला आणून १०० वर चालविला, तर त्याची साडेपांच पट म्हणजे ५५० एवढाच वेग पदरांत पडतो!

चौथा आंकडा विजेच्या दाबाचा, आणि बहुतेकांची निराशा तेथेंच होते. किती दाब हवा हें प्रोसेसर स्वतःच मदरबोर्डाला सांगतो. परंतु आरंभींच्या कित्येक मदरबोर्डांवरील नियामक १.८ व्होल्टच्या खालीं उतरूंच शकत नाहीं. १.६५ मागणारा प्रोसेसर अशा ठिकाणीं बहुधा सुरूच होत नाहीं. यासाठीं खरेदीपूर्वीं नियामक चिपवरील अक्षरें भिंगानें वाचून तिची माहितीपत्रिका पाहावी. नियामक जुना निघाला, तर २.० व्होल्टचा ५०० मेगाहर्ट्‌झवाला पेंटियम-३ घ्यावा. माझ्या मतें मदरबोर्डाशीं झगडण्यापेक्षां तो शहाणपणाचा सौदा होय.

त्यानंतर बायॉस. संगणक उठतांच प्रथम जी आज्ञावली चालते ती ही. तिला नव्या प्रोसेसरची ओळख असावी लागते, नाहींतर नवा पाहुणा दारांतच अडतो. ही ओळख जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच करून द्यावयाची असते. मदरबोर्डाच्या नेमक्या क्रमांकाची आज्ञावली मिळवावी, फ्लॉपीवरून डॉस सुरू करावें, आधींच्या बायॉसची प्रत राखावी आणि मगच नवी लिहावी. लिहीत असतां वीज गेली, तर मदरबोर्ड मुका होतो. भारनियमन ज्यांच्या अंगवळणीं पडलें आहे त्यांना याहून अधिक सांगावयास नको. चांगल्या बॅटरीचा यूपीएस जोडल्यावांचून या कामास हात घालूं नये.

राहिली साफसफाई. वसमतकडे हळदीच्या हंगामांत यंत्राचा पंखा पिवळा झालेला दिसला, तर नवल नाहीं. मऊ कुंचल्यानें धूळ काढावी. मदरबोर्डावरील उभ्या नळकांड्यांचे, म्हणजे कपॅसिटरांचे, माथे फुगले असतील तर ते बदलल्याशिवाय पुढें जाऊं नये. नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी बहुधा मेलेलीच असते. ती काढण्यापूर्वीं बायॉसमधील नोंदी कागदावर उतराव्यात. कोरड्या हवेंत अंगावर स्थिर वीज सांठते, म्हणून नायलॉनचे कपडे टाळावेत, आणि आंत हात घालण्याआधीं पेटीच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करावा. बटण बंद केल्यानंतरही मदरबोर्डांत ५ व्होल्ट वाहत असतात, हें ध्यानांत धरून प्लग काढूनच काम करावें. घराचें अर्थिंगही तपासून घ्यावें. उन्हाळ्यांत काळी जमीन भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो.

पत्र लिहिण्यापुरताच संगणक हवा असेल, तर मात्र प्रोसेसर न बदलतां स्मृतीची पट्टी वाढविणें पुष्कळदां पुरतें. बदल केलाच, तर पहिल्यानें झांकण उघडें ठेवूनच यंत्र चालू करावें, पंखा फिरतो कीं नाहीं तें पाहावें, आणि पडद्यावर ७०० हा आंकडा वाचून मगच हार्डडिस्क जोडावी. काढलेला प्रोसेसर स्थिरवीजरोधक पिशवींत घालून, वर तारीख लिहून, त्याच यंत्राशेजारीं ठेवावा.