शहापूरचा अहवाल लिहिताना

विद्यापीठासाठी शहापूरच्या हातमागावर अहवाल लिहू पाहणाऱ्या आमच्या मुलामुलींना प्रथम एवढेच सांगावेसे वाटते, की १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होते. ब्रिटिशांच्या बेळगाव जिल्ह्यात नव्हे. तेव्हा १८८४ च्या बेळगाव गॅझेटियरमधील जिल्ह्याचे आकडे डोळे मिटून शहापूरच्या नावावर घातले, की अहवाल पहिल्याच पानावर फसला! संस्थानी काळ निराळा शोधावा लागतो, आणि त्याचे कितीतरी धागे घरोघरच्या आठवणींत आहेत. आजोबांचे बोलणे ‘पूर्वी असे होते’ एवढ्यावर संपवू नये; कोणी, केव्हा सांगितले तेही नोंदवावे. ताणा, बाणा, धोटा हे शब्द इंग्रजी अहवालातही तसेच ठेवावेत. हातमाग चालविलेली माणसे आता थकली आहेत. ग्रंथालय पुढल्या महिन्यातही उघडे असेल. आधी त्यांच्याकडे जावे.