इंग्रजी व्याकरणाचा तास : तर्खडकर ते कृतिपत्रिका

इंग्रजी व्याकरणाचा तास रंजक करण्याची धडपड महाराष्ट्रातल्या शाळांना नवी नाही. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी शिकवण्याचा निर्णय झाला आणि गाणी, अभिनय, चित्रांची कार्डे वर्गात आली. पाचवी-सहावी गाठेपर्यंत गाणी मागे पडतात आणि काळांचा तक्ता फळ्यावर चढतो. मग तोच तक्ता गळी उतरवण्यासाठी क्रियापदांची अंताक्षरी, सापशिडी, मोबाइलवरची प्रश्नमंजूषा असे काहीबाही शोधले जाते. मागे वळून पाहिले तर पद्धती बऱ्याच बदलल्या, मात्र मुलाने वाक्याचे करायचे काय, हे क्वचितच बदलले. माझ्या मते कंटाळ्याचे मूळ तिथेच आहे. ज्या वाक्यातून कोणालाच काही सांगायचे नाही, ते खेळात घातले म्हणून गोड होत नाही.

मराठीतून इंग्रजी शिकवणारी तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’ आज जुनाट ठरवली जाते. नियम, शब्दांची यादी आणि मग इकडून तिकडे, तिकडून इकडे भाषांतर करायची वाक्येच वाक्ये, असा तिचा खाक्या. पण एक गोष्ट तिने अचूक हेरली होती: मुलगा वर्गात येतो तो एक अख्खी भाषा बरोबर घेऊनच. पाठमाला त्या मराठीला कामाला लावत असे. १९३०च्या दशकात आलेल्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणात मराठीला जागा असण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे १९५०च्या दशकापासून रचनापद्धतीचा बोलबाला झाला. हैदराबादेत १९५८ साली केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली, शिक्षकांची प्रशिक्षणे झाली, वाक्यरचना सोप्याकडून अवघडाकडे लावल्या गेल्या, आणि मातृभाषेला वर्गाबाहेर उभे करण्यात आले. टेबलाजवळ उभे राहून, सगळ्यांना दिसत असलेल्या टेबलाविषयी ‘धिस इज अ टेबल’ असे चाळीस मुलांनी एका सुरात म्हणायचे! उच्चार सुधारले असतीलही. कुतूहल जागे होण्याचे काही कारण नव्हते.

या चाकोरीला खरा धक्का दिला तो भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी. १९७९ पासून पाच वर्षे बंगळूर, मद्रास अशा दक्षिण भारतातल्या ठिकाणच्या काही शाळांत त्यांनी व्याकरणाचा पाठ असा घेतलाच नाही. मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा असे काही ठेवायचे आणि त्यातून एखादे कोडे सोडवून घ्यायचे, एवढेच. लक्ष अर्थाकडे असताना व्याकरण आपोआप घडत जाते, हे त्यांचे गृहीतक. प्रयोगाच्या मूल्यमापनाचा निकाल मोठा बोलका आहे: सुट्या रचनांच्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीचे वर्ग पुढे राहिले, तर संदर्भातले व्याकरण आणि आकलन यांत प्रयोगाचे वर्ग सरस ठरले. थोडक्यात, जे मोजाल ते मिळते.

प्रभूंच्या पद्धतीवर रास्त आक्षेप आहे. ज्या मुलाच्या कानावर शाळेबाहेर इंग्रजी पडतच नाही, त्याने नियम स्वतः शोधावा ही अपेक्षा चैनीची नाही का? नॉरिस आणि ऑर्टेगा या संशोधकांनी २००० साली अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नियम उघड करून शिकवणेच अधिक फलदायी दिसले. त्यांतल्या पुष्कळ चाचण्या नियम विचारणाऱ्याच होत्या हे खरे, तरी प्रभूंची टोकाची भूमिका मला पटत नाही. नियम सांगावाच, पण त्याने अर्थात काय फरक पडतो हे दाखवून. ‘मी कालच आलो आहे’ हे मराठीत बिनचूक आहे. म्हणूनच आपली मुले ‘आय हॅव कम यस्टरडे’ लिहितात. ही चूक लाल शाईने खोडण्यापेक्षा दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी लिहून, ‘काल’ आला की इंग्रजी का कुरकुरते आणि मराठी का कुरकुरत नाही, असे विचारले तर वर्ग बोलू लागतो. शोध घ्यायला मुलांकडे पुरेशी सामग्री असते, कारण त्यातली अर्धी भाषा त्यांचीच आहे. इंग्लंडमध्ये एक्झिटर विद्यापीठात डेब्रा मायहिल आणि सहकाऱ्यांनी व्याकरण लेखनाच्या हेतूशी जोडून शिकवले, तेव्हा मुलांचे लेखन सुधारले. फायदा मुख्यतः आधीच बरे लिहिणाऱ्यांना झाला, हेही सांगायला हवे. कच्च्या मुलांसाठी आणखी काही करावे लागणार.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. ‘डू ॲज डायरेक्टेड’ या प्रश्नात ‘रामाने रावणाला मारले’ याचे ‘रावण रामाकडून मारला गेला’ एवढे केले की गुण मिळतात, का करायचे, हे कोणी विचारत नाही. आता दहावीला प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली आणि प्रश्नांचे रूप पालटले. मात्र कृतींच्या तयार उत्तरांची गाइडे बाजारात यायला वेळ लागला नाही. हे सगळे करायला वेळ नाही, ही शिक्षकांची तक्रारही खोटी नाही. पण वेळ वाया जातो तो भलतीकडेच. मराठीच्या तासाला कर्तरी, कर्मणी, भावे प्रयोग शिकवले जातात. इंग्रजीच्या तासाला त्याच मुलांना ‘व्हॉइस’ पहिल्यापासून, जणू कधी ऐकलेच नाही असा शिकवला जातो. दोन्ही शिक्षक बसतात एकाच शिक्षकखोलीत, आणि वर्षाच्या आरंभी नियोजनाच्या वह्या मात्र आपापल्या भरतात.