संगणक प्रक्रियकाचे शीतन

संगणकाच्या प्रक्रियकात निर्माण होणारी उष्णता बाहेर नेऊन त्याचे तापमान सुरक्षित मर्यादेत राखण्याच्या क्रियेस प्रक्रियकाचे शीतन म्हणतात. प्रक्रियकास पुरविलेली जवळजवळ सर्व विद्युत् ऊर्जा अखेर उष्णतेतच रूपांतरित होते. मेजावर ठेवण्याच्या संगणकातील ६५ वॉट शक्तीच्या प्रक्रियकात ही उष्णता सु. १.५ चौ. सेंमी. क्षेत्रफळाच्या सिलिकॉन चकतीत उत्पन्न होते, असे धरल्यास दर चौ. सेंमी.ला सु. ४३ वॉट पडतात. १,००० वॉटच्या, २०० चौ. सेंमी. तळाच्या इस्त्रीत हे प्रमाण केवळ ५ वॉट असते.

इतिहास : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकात सु. २,७०० निर्वात नलिका होत्या. अशा यंत्रांत उष्णता मोठ्या जागेत विखुरलेली असे. १९७१ मध्ये आलेल्या इंटेल ४००४ या सूक्ष्मप्रक्रियकात सु. २,३०० ट्रँझिस्टर होते व त्याला वेगळ्या शीतनाची गरज नव्हती. १९९३ मधील पेंटियमपासून प्रक्रियकावर पंखा बसविणे नेहमीचे झाले. २००४ च्या सुमारास काही प्रक्रियकांची शक्ती १०० वॉटच्या वर गेली. तेव्हा केवळ कंप्रता वाढवीत जाण्याचा मार्ग उष्णतेमुळेच खुंटला आणि एकाच चकतीवर अनेक गाभे बसविण्याची पद्धत रूढ झाली.

तत्त्व : ट्रँझिस्टरांच्या उघडझापीत खर्च होणारी शक्ती कंप्रतेच्या सम प्रमाणात आणि विद्युत् दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. याखेरीज ट्रँझिस्टर बंद असतानाही थोडा प्रवाह झिरपतो व तापमानाबरोबर तो वाढत जातो. उष्णता चकतीतून धातूच्या आवरणात, तेथून उष्णताशोषकात (हीट सिंकमध्ये) संवहनाने जाते. शोषकाच्या पात्यांवरून ती संनयनाने हवेत मिसळते. वरवर सपाट दिसणाऱ्या दोन धातुपृष्ठांमध्ये सूक्ष्म पोकळ्या असतात. तांब्याची उष्णता संवाहकता हवेच्या सु. १५,००० पट असल्याने या पोकळ्यांतील हवा मोठाच अडथळा ठरते. ती घालविण्यासाठी मध्ये संवाहक लेपाचा पातळ थर देतात. लेप जाड लावल्यास तोच अडथळा बनतो. मोठ्या शोषकांत उष्णतानळ्याही असतात. नळीतील द्रव तप्त टोकाशी बाष्परूप होतो, थंड टोकाशी पुन्हा द्रवरूप होऊन सच्छिद्र अस्तरातून परत येतो.

उष्ण हवामानातील प्रश्न : पंखा व शोषक यांच्या साहाय्याने प्रक्रियक भोवतालच्या हवेपेक्षा थंड करता येत नाही, शीतनाचा सारा हिशेब खोलीच्या तापमानापासून सुरू होतो. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा यासारख्या तालुक्याच्या गावी मे महिन्यात दिवसाचे तापमान ४२° से.च्या वर जाते. उदाहरणादाखल, चकतीपासून हवेपर्यंतचा एकूण औष्णिक रोध दर वॉटमागे ०.६° से. धरल्यास ६५ वॉटच्या प्रक्रियकाचे तापमान पेटीतील हवेपेक्षा ३९° से.ने अधिक राहील. पेटीतील हवा खोलीपेक्षा ५° से.ने उष्ण असेल, तर २५° से.च्या खोलीत प्रक्रियक ६९° से.वर आणि ४२° से.च्या खोलीत ८६° से.वर राहील. पात्यांमधील फटी धुळीने बुजून रोध ०.९° से. झाला, तर हिवाळ्यात ८८.५° से.वर निभावणाऱ्या त्याच यंत्राचा हिशेब उन्हाळ्यात १०५.५° से.वर जातो. अनेक प्रक्रियकांची मर्यादा १००° से.च्या आसपास असते. ती गाठताच अंगभूत संवेदक कंप्रता उतरवितो व गरज पडल्यास यंत्र बंद करतो. दुपारी संगणक मंदावणे किंवा आपोआप बंद पडणे याचे हे एक नेहमीचे कारण होय. तापमानाने प्रक्रियक लगेच निकामी झाला नाही, तरी जवळच्या विद्युत् विच्छेद्य धारित्रांचे आयुष्य दर १०° से. वाढीस सु. निम्मे होते.

कापूस पिकविणाऱ्या या प्रदेशात काळ्या मातीच्या बारीक धुळीत कापसाचे तंतूही मिसळलेले असू शकतात. पंख्याखाली त्यांचा नमद्यासारखा थर बसतो. विदर्भात सर्रास वापरला जाणारा पाण्याचा कूलर बाष्पीभवनामुळे कोरड्या उन्हाळ्यात हवा पुष्कळच थंड करतो. मात्र दमट हवा बाहेर जाण्यास समोरची खिडकी उघडी हवी. कूलरचा झोत थेट संगणकावर सोडू नये. त्याबरोबर येणारे क्षारयुक्त तुषार मंडलावर सुकून गंज धरवितात. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने कूलरचा उपयोग घटतो.

उपाय : संगणकाची पेटी बंद कप्प्यात किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नये. हवा समोरून आत येऊन मागून व वरून बाहेर जाईल, अशी पंख्यांची दिशा असावी. उन्हाळ्यापूर्वी वीजपुरवठा तोडून, पंख्याचे पाते हाताने धरून मऊ कुंचल्याने व हवेच्या झोताने पाती साफ करावीत. शोषक काढल्यास जुना लेप पूर्ण पुसून नवा लावावा. पेटीचे झाकण उघडे ठेवल्याने काही काळ बरे वाटते, पण हवेची ठरलेली वाट मोडते व धूळ वाढते. बऱ्याच संगणकांत शक्तीची मर्यादा ठरविता येते. वरील उदाहरणात ती ६५ वरून ४५ वॉट केल्यास तापमान ८६° से.वरून सु. ७४° से.वर येते. विद्युत् दाबही कमी होत असल्याने वेगातील घट शक्तीच्या घटीहून कमी असते. कार्यालयीन लेखन वा हिशेबाच्या कामात ती सहसा जाणवतही नाही.

द्रवशीतन : पाणी समान घनफळाच्या हवेच्या सु. ३,५०० पट उष्णता वाहून नेते. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत २०१९ मध्ये उभारलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात प्रक्रियकांची उष्णता त्यांच्याशी भिडविलेल्या पट्टांतून वाहणाऱ्या द्रवाद्वारे नेतात. घरगुती संगणकांसाठीही लहान द्रवशीतन संच मिळतात. मात्र तेथे द्रव हा केवळ वाहक असतो. अखेरीस ती उष्णता पंख्याने खोलीच्या हवेतच सोडली जाते. म्हणून तप्त, कोंदट खोलीत असा महागडा संचही खोलीतील वायुवीजनाची उणीव भरून काढू शकत नाही.