बदली डॉक्टर आणि चाचांचा रोजा

मुंबईच्या गिरण्यांत ‘बदली कामगार’ असायचा. कायम माणूस आला नाही की त्याच्या साच्यावर हा उभा. इंग्लंडच्या सरकारी इस्पितळांत डॉक्टरही असे बदलीवर असतात. त्यांना ‘लोकम’ म्हणतात. कन्सल्टंटची कायम जागा हवी तर जनरल मेडिकल कौन्सिलच्या स्पेशालिस्ट रजिस्टरमध्ये नाव लागतं. लोकमला ती अट नाही. जबाबदारी मात्र तेवढीच.

छातीविकारांचा असा बदली कन्सल्टंट म्हणून मी २०१८ च्या मे महिन्यात सहा आठवड्यांसाठी लँकेशरमधल्या एका इस्पितळात गेलो. रमजान नुकताच लागला होता. तिथला उन्हाळ्यातला रोजा म्हणजे अठरा तासांच्या वर. इफ्तारला रात्रीचे साडेनऊ वाजतात.

पहिल्याच आठवड्यात वॉर्डात पंचाहत्तरीचे एक चाचा भेटले. मूळचे रत्नागिरीकडचे. तरुणपणी मुंबईत, मग साठच्या दशकात इकडच्या सूतगिरणीत रात्रपाळी. छातीत कापसाची धूळ, वर सिगारेट. श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या. याला सीओपीडी म्हणतात. रोज्यासाठी दिवसा इनहेलर बंद केला आणि चौथ्या दिवशी ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. अशा रुग्णाला ऑक्सिजनसुद्धा बेतानं द्यायचा. रक्तातलं प्रमाण ८८ ते ९२ टक्के, त्यावर नाही. जास्त झाला तर कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जातो.

दोन रात्री मास्कवर काढल्यावर चाचा बोलू लागले. मी कोण ते सांगितलं. ‘म्हणजे बदली! मीही होतो परळला,’ म्हणून हसले.

इनहेलरनं रोजा तुटतो का, यावर उलेमांची दोन मतं आहेत. मी मौलवी नाही. पण आजाऱ्याला आणि मुसाफिराला कुरआननंच सवलत दिली आहे. राहिलेले रोजे नंतर धरता येतात. तेही झेपणार नसेल तर रोजागणिक एका गरजूला जेवण, म्हणजे फिदिया. हे त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक होतं.

‘साठ वर्षांत एक सोडला नाही. आणि तू का धरतोस? तूही परगावचाच ना?’

सहा आठवडे एका गावी राहणारा मुसाफिर ठरत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. फिरकी घेत होते.

शेवटी ठरलं ते असं. यंदा रोजा नाही. डिसेंबरात तिथला दिवस अगदी लहान, रोजा जेमतेम दहा तासांचा. तब्येत पाहून तेव्हा धरायचे. रोजचा इनहेलर सहरीला आणि इफ्तारला. धाप लागली तर सुटकेचा इनहेलर लगेच, घड्याळ न बघता.

पण तब्येत पाहणार कोण? तपासणीची तारीख सप्टेंबरची, माझा करार जूनअखेरचा. त्यांच्या फायलीत आधीच्या तीन बदली डॉक्टरांची पत्रं होती. औषधं चोख लिहिलेली, रोज्याचा शब्द नव्हता. त्यांना तरी का दोष द्यावा? कुणी विचारलंच नव्हतं, आणि चाचा आपणहून सांगणाऱ्यांतले नव्हते. मी फॅमिली डॉक्टरच्या पत्रात सगळं लिहिलं. पुढच्या रमजानच्या महिनाभर आधी बोलवा, हेसुद्धा.

‘सप्टेंबरात तूच असशील ना?’

‘नाही, चाचा.’

त्यांनी पत्राची प्रत मागून घेतली, घडी घालून पाकिटात ठेवली. ‘जो कुणी बदली येईल त्याला हीच दाखवीन,’ म्हणाले.